बॅकअपभाई

पार्से गावात कुणाचा मोबाइल हरवला, विहिरीत पडला किंवा नातवाने सोलकढीत बुडवला, की संध्याकाळपर्यंत बॅकअपभाई त्या घरी समाचाराला हजर होतात. वहाणा पायरीखाली काढतात, सोप्यावर बसतात, दिलेलं पाणी संपवतात आणि थोडा वेळ गप्प राहून विचारतात, "प्रत आसली?"

प्रत नसतेच. भाई मान हलवतात. त्या मान हलवण्यात दुःख असतं, पण दुःखाच्या तळाशी थोडं समाधानही असतं. मी भिंतीला भिंत लागून राहतो, म्हणून हे ठामपणे सांगू शकतो.

भाईंचं खरं नाव मतदार यादीत आहे. गावात ते कुणी वापरत नाही. नोकरीत असताना ते एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये होते. जमिनींचे जुने कागद, वारसाहक्काच्या इन्व्हेंटार, वन-फोर्टीनचे, म्हणजे इथल्या सातबाराचे, उतारे, पोर्तुगीज लिपिकांचं तिरपं अक्षर, सगळं त्यांच्या ताब्यात. आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला काही कौलांतून रेकॉर्ड रूममध्येही पडायचा. वाळवीने तर भिंतीच्या चिऱ्यातून रस्ता काढून थेट पोर्तुगीज अमदानीत प्रवेश केला होता. जुन्या लोहयुक्त शाईने कागदाला आतून खाल्लं होतं, त्यामुळे काही पानांवर अक्षरांच्या जागी अक्षरांच्या आकाराची भोकं होती. तिथे तीस-बत्तीस वर्षं काढलेला माणूस एक तर देवधर्माला लागतो, नाहीतर बॅकअपला. भाई दोन्हीला लागले आणि पुढे दोन्हींचा एकच विधी केला. ते पुढे येईल.

भाईंचं दैवत म्हणजे दियोगो दो कूतो. १५९५ मध्ये गोव्यातल्या पोर्तुगीज दफ्तराची जबाबदारी या गृहस्थांवर सोपवली गेली. तेच दफ्तर आज पणजीच्या पुराभिलेख खात्यात आहे. पण भाई कूतोंचं नाव आदराने घेतात ते यासाठी नव्हे. जगाचं दफ्तर सांभाळणाऱ्या या माणसाने स्वतः लिहिलेल्या इतिहासाच्या आठव्या आणि नवव्या खंडांची हस्तलिखितं चोरीला गेली आणि म्हातारपणी त्यांना ते खंड सारांशाने पुन्हा लिहून काढावे लागले. "गोव्याचा पहिला रेकॉर्ड कीपर," भाई सांगतात, "आणि घरात दुसरी प्रत ना!" चारशे वर्षं उलटली तरी भाईंचा राग ताजा आहे. कूतोंच्या घरी समाचाराला जाता आलं नाही ही त्यांची खंत असावी.

निवृत्त झाल्यावर भाईंनी ठरवलं की आपल्या घरचं दफ्तर कायमचं सुरक्षित करायचं. दफ्तर तसं मोठं नव्हतं. स्कॅन केलेले जमिनीचे कागद, लग्नमुंजींचे फोटो, वाडीवरच्या भजनांच्या आणि दशावतारी नाटकांच्या ध्वनिफिती, आखातात असलेल्या मुलीचे आणि नातीचे व्हिडिओ. मग व्हॉट्सॲप आलं आणि दफ्तर १.७ टेराबाइटवर गेलं. त्यातलं निम्मं 'सुप्रभात' आहे. मी एकदा त्यांच्या मॉनिटरवर सलग उगवणारे सूर्य पाहिले, प्रत्येकाखाली गुलाब आणि सुविचार. मी म्हटलं, "भाई, हे पुसून टाका, अर्धी जागा मोकळी होईल." भाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू सातबारा फाडायला सांगितलाय.

"जागा स्वस्त झाली रे," ते म्हणाले. "काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे ठरवणारा माणूस महाग झाला."

हे वाक्य त्यांनी नंतर वहीत लिहून ठेवलं. वहीची झेरॉक्स काढली.

भाईंचा खरा ध्यास मात्र एकच: स्वस्त आणि टिकाऊ माध्यम. स्वस्त पुष्कळ मिळतं, टिकाऊही मिळतं. एकाच पिशवीत दोन्ही मिळत नाही. त्यासाठी त्यांनी एक सूत्र काढलंय. किंमत भागिले जीबी, भागिले आयुष्य. उत्तर पैशांत. चार टीबीची साधी हार्ड डिस्क दहा हजारांना धरा, म्हणजे जीबीला अडीच रुपये. ती पाच वर्षं जगेल असं धरा, म्हणजे दर जीबीमागे वर्षाला ५० पैसे. डीव्हीडी ४.७ जीबीची, पंधरा रुपयांची, दहा वर्षं धरा: ३२ पैसे. डीव्हीडी जिंकली! त्या आनंदात भाई म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेले आणि मिरच्या आणायच्या विसरून डीव्हीडींची दोन नळकांडी घेऊन आले. रात्री हिशेब पुढे सरकला. चार टीबी भरायला डीव्हीडी लागतात साडेआठशेच्या वर. एक राइट करायला वीस मिनिटं धरली तर रोज चार तास बसून सत्तर दिवस. "आणि मध्ये लाइट गेली तर ती डिस्क फुकट," असं वहिनींनी आतून सांगितलं. पेडणे तालुक्यात पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते हे सूत्रात घालायचं राहूनच गेलं होतं.

सीडीवर भाईंचा राग वेगळाच आहे, कारण त्यांनी तिच्यावर प्रेम केलं होतं. ती आली तेव्हा कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की ही शंभर वर्षं टिकते. ज्याने सांगितलं त्याचं संगणकाचं दुकान चार वर्षं टिकलं. भाईंनी सगळे जुने फोटो सातशे एमबीच्या सीडींवर घातले, प्रत्येक सीडीवर बॉलपेनने सुवाच्य अक्षरात तपशील लिहिला, आणि त्या सुवाच्य अक्षरानेच घात केला. सीडी हाताळताना आपण सगळे चकचकीत बाजूला जपतो. पण माहितीचा थर आणि त्यावरचा चांदीसारखा मुलामा असतो तो लेबलच्या बाजूला, वरच्या पातळ लाखेच्या लगेच खाली. खालून जाडसर प्लास्टिकचं संरक्षण, वरून जवळपास काही नाही. भाईंनी टोकदार पेनने 'मुलीचो नामकरण विधी' असं लिहिलं ते थेट नामकरण विधीवर. 'नाम' आलं तिथे पाळणा वाचत नाही.

इतर कुणी असता तर सीडी फेकून मोकळा झाला असता. भाईंनी प्रयोग सुरू केला. परसात चवळीचा मांडव आहे. पाखरं येऊ नयेत म्हणून आमच्याकडे जुन्या सीडी दोऱ्याने टांगतात, त्या वाऱ्यावर फिरतात आणि चमकतात. भाईंनी तिथे वेगवेगळ्या कंपन्यांच्या सीडी-डीव्हीडी माहिती भरून टांगल्या आणि खाली पत्र्याचे बिल्ले लावले. दर संकष्टीला एकेक उतरवायची, पंचाने पुसायची, संगणकात घालायची, किती फाइली उघडतात ते मांडायचं. ऊन, खारा वारा, धुकं, पुढे मिरग. राइट करायच्या सीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरावर असते आणि ते द्रव्य उन्हाने विटतं, हे भाईंना पुस्तकातून ठाऊक होतं. पण पार्श्यात ते कोणत्या संकष्टीला विटतं हे पुस्तकात नव्हतं. काहींचा मुलामा सोलला, काहींवर बुरशीची नक्षी उठली. एका स्वस्त डिस्कने मात्र मिरगाच्या आठवडाभर आधीपर्यंत दम धरला. तिच्यावर काय होतं तर प्रिंटरचा ड्रायव्हर.

त्या मांडवावर एक खास पाहुणीही टांगलेली होती. एम-डिस्क. रंगद्रव्याऐवजी दगडासारख्या कठीण थरात माहिती कोरायची आणि हजार वर्षं निश्चिंत राहायचं, असं तिचं म्हणणं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाच्याने आणली, राइट करायला वेगळा रायटर आला, त्यावर घराचे सगळे कागद गेले. ती काढणारी अमेरिकी कंपनी २०१६ मध्ये दिवाळखोरीत निघाली, हे कळल्यावरही भाई डगमगले नाहीत. कंपनीने आपल्या आयुष्याची हमी दिली नव्हती, डिस्कच्या दिली होती. त्यांनी ती मांडवावर सर्वांत वर बांधली. चौथ्या दिवशी माकडाने नेली.

"ती डिस्क आजही वाचता येत असणार," भाई पैजेवर सांगतात. प्रश्न फक्त ती कोणत्या झाडावर आहे एवढाच आहे.

भाईंच्या तत्त्वज्ञानाला वळण लागलं ते फ्लॉपीने. कपाटात फ्लॉपींची एक पेटी होती, प्रत्येकीत १.४४ एमबी. कोरड्या, स्वच्छ, तांदळाच्या डब्यात ठेवलेल्या, सर्व सुखरूप. वाचायला यंत्र नाही. सोनीने २०११ मध्ये फ्लॉपी काढणं थांबवलं. जपानच्या सरकारने अर्ज फ्लॉपीवर द्यायचे नियम मोडीत काढले तेही २०२४ मध्ये, ही बातमी वाचून भाईंना अतोनात आनंद झाला. जगात आणखी एक कचेरी आपल्यासारखी होती! पण फ्लॉपी वाचली नाही ती नाहीच. मग त्यांना एकेक दिसत गेलं. आपल्याकडे २८ रुपयांत सिनेमाची व्हीसीडी विकणारी मोझर बेअर २०१८ मध्ये लिलावाच्या वाटेला लागली. सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत राइट करायच्या ब्लू-रे डिस्क बनवणं बंद केलं. नव्या लॅपटॉपला डिस्कची फट नसते. डिस्क मरायच्या आधी ती वाचणारी माणसं मरतात, मग दुरुस्त करणारी, मग ती केबल. शेवटी डिस्क एकटीच उरते, ठणठणीत.

ब्रिटनमधल्या एका प्रकरणाची गोष्ट भाई बसस्टॉपवर कुणालाही सांगतात. इंग्लंडच्या राजाने १०८६ मध्ये साऱ्या मुलखाची जमीनमोजणी करून चामड्याच्या पानांवर लिहवली. त्या डूम्सडे बुकाला नऊशे वर्षं होताहेत म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये त्याची आधुनिक आवृत्ती काढली, लेसर डिस्कवर, गावोगावच्या शाळांतली मुलं कामाला लावून. पंधरा वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि तज्ज्ञांना ती माहिती खटपट करून सोडवावी लागली. चामडं अजून वाचता येतं. इथे भाई थांबतात आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहतात. ऐकणारा सहसा मांद्र्याच्या बसकडे पाहत असतो.

मध्यंतरी त्यांनी ताम्रपटाचाही विचार केला. कदंबांचे ताम्रपट आजही वाचता येतात, म्हणजे माध्यम सिद्ध आहे. बुरशी नाही, चुंबक नाही, लाइट गेली तरी चालतं. एका तांबटाशी दराचं बोलणंही झालं. घोडं अडलं ते हिशेबात. एका पत्र्यावर हजारभर अक्षरं बसतील. संगणकात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या अक्षराला किमान तीन, म्हणजे पत्र्यामागे तीन केबी. मोबाइलवरचा एक साधा फोटो तीन एमबीचा. एका सुप्रभातीला एक हजार पत्रे! घराचा पाया खचला असता. या हिशेबातून भाईंच्या हाती एक जुनी जखम मात्र लागली. आपल्या अक्षराला तिप्पट जागा का? तेव्हापासून ते फाइलींची नावं इंग्रजीत देतात. काटकसर म्हणून. एका फाइलमागे पंचवीस-तीस बाइट वाचतात, असं ते मानतात, आणि सूर्योदय जसेच्या तसे राहतात.

"एवढं कशाला? क्लाउडवर टाका," असं म्हणणारा तरुण आमच्या गावात दर महिन्याला एक निघतो. भाई त्याला समोर बसवतात. गूगलने फोटोंना अमर्याद फुकट जागा दिली होती, १ जून २०२१ पासून ती बंद केली. आता पंधरा जीबी झाले की भाडं. दोन वर्षं खात्याकडे फिरकला नाहीत तर खातंच काढून टाकण्याचा त्यांचा नियम आहे. "म्हणजे आपण कोण?" भाई विचारतात. तरुणाला कळत नाही. "मुंडकार! घर आपलं, जमीन भाटकाराची. आमच्याकडे १९७५ चा मुंडकार कायदा आला, भाटकाराला उठवता येईना. गूगलच्या भाटात तो कायदा लागू नाही." तरुण निरुत्तर होतो. मला हे पटतं, आणि तरी माझे फोटो मी तिथेच ठेवतो, महिन्याचं भाडं भरतो. भाई मला 'मुंडकार' म्हणूनच हाक मारतात.

पेन ड्राइव्हचं नाव त्यांच्यासमोर काढू नये. त्यात माहिती सूक्ष्म विजेच्या भारावर टिकते आणि तो भार हळूहळू गळतो. गरम खोलीत अधिक. खोक्यात घालून वर्षानुवर्षं विसरायची ती वस्तूच नव्हे. शिवाय बाजारात ६४ जीबी सांगून आठ जीबी देणारे महाभाग आहेत. वरचे छप्पन्न जीबी त्यात जातात, दिसतात, उघडत नाहीत. पुढाऱ्याचं भाषण रेकॉर्ड करायला ठीक, असं भाईंचं मत.

इतकं सगळं झाल्यावर भाई प्रत्यक्षात काय करतात, तर तेच जे जगातली कंटाळवाणी शहाणी माणसं करतात. घरी दोन साध्या हार्ड डिस्क, वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या, म्हणजे एकाच घाण्यातल्या दोन्ही एका आठवड्यात बसायला नकोत. आणि कागदपत्रांपुरत्या डीव्हीडी. पीटर क्रोग नावाच्या एका छायाचित्रकाराने सांगितलेला नियम त्यांनी देव्हाऱ्याशेजारी लावलाय: प्रती तीन, माध्यमं दोन, एक प्रत बाहेरगावी. मला विचाराल तर याच्यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ असं काही बाजारात आलेलं नाही. पण हे भाईंना सांगायची सोय नाही. उपाय सापडलाय म्हटल्यावर त्यांनी उरलेला दिवस काय करायचा?

विधी म्हणालो तो हा. हार्ड डिस्क पडून राहिली तर तिचे भाग अडकू शकतात, म्हणून मधून मधून ती फिरवावी आणि काही वर्षांनी नव्या डिस्कवर माहिती उतरवावी. लोक हे विसरतात. भाई विसरू शकत नाहीत, कारण त्यांनी ते खंडेनवमीला बांधून टाकलंय. कोयता, विळी, पिकाव, आणि पाटावर दोन हार्ड डिस्क. हळदकुंकू वाहताना डिस्कच्या भोकात पिंजर जाऊ नये म्हणून वर रुमाल. आरती झाली की डिस्क जोडायच्या आणि प्रत्येक फाइलची बेरीज ताडून पाहायची. बेरीज म्हणजे चेकसम: फाइलमधल्या एका बिटाने जरी जागा सोडली तरी बत्तीस अक्षरांचा तो आकडा पार बदलतो. शहाणा माणूस हे काम संगणकाला सांगतो. भाईंचा संगणकावर संगणकाची साक्ष घेण्याइतका विश्वास नाही. ते ती बत्तीस अक्षरं रोजकीर्दीच्या लांब वहीत हाताने उतरवतात. एका खंडेनवमीला आकडा जुळेना. घरात सुतक पडल्यासारखं झालं, जेवणं खोळंबली, भाई घामाघूम. रात्री अकराला नातीने व्हिडिओ कॉलवरून शोधून काढलं की फाइल शाबूत आहे. आजोबांनी वहीत 'बी' काढलाय तो सहासारखा दिसतोय.

"कोण सांगतलो ह्यांका," असं म्हणून वहिनींनी भात पुन्हा गरम करायला ठेवला.

बाहेरगावची प्रत सावंतवाडीला बहिणीकडे असते. राज्य वेगळं, वीजमंडळ वेगळं, देव तेवढा ओळखीचा. दर वर्षी दसऱ्यानंतर भाई जुनी डिस्क आणायला आणि नवी ठेवायला जातात. डिस्क टॉवेलात, टॉवेल स्टीलच्या डब्यात, डब्याला चारी बाजूंनी चिकटपट्टी, डबा मांडीवर. गोव्यातून पत्रादेवी ओलांडून जाणाऱ्या माणसाच्या मांडीवर चिकटपट्टी लावलेला जड डबा असेल तर इन्सुलीच्या नाक्यावर काय समजतात हे सांगायला नको. शिपायाने विचारलं, "काय आहे यात?"

"पस्तीस वर्षांचा संसार," भाई खरं ते बोलले.

"किती बाटल्या?"

डबा उघडला. शिपायाने डिस्क हलवून पाहिली, तेव्हा भाईंच्या तोंडून जो आवाज निघाला त्यावर त्याने ती ताबडतोब परत केली. पुढच्या वर्षी तोच शिपाई भेटला. त्याने डबा पाहिला, भाईंना पाहिलं, आणि दबक्या आवाजात विचारलं की त्याच्या लग्नाची कॅसेट आहे, तिचं काही होईल काय.

कॅसेटवरून आठवलं. भाईंवर हसणाऱ्यांनी वाड्यावरच्या एका काकींच्या लग्नाची हकिकत ऐकावी. काकांचं निधन झालं आणि त्यांचा चालताबोलता व्हिडिओ कुणाकडेच नाही असं निघालं. लग्नाची व्हीएचएस कॅसेट बुरशीने गेलेली. भाई घरी गेले आणि तासाभरात पेन ड्राइव्ह घेऊन आले. हो, पेन ड्राइव्ह, अशा वेळी ते सोवळं मोडतात. त्यांनी ती कॅसेट कधीकाळी मागून नेऊन व्हीसीडी केली होती, व्हीसीडीची डीव्हीडी, डीव्हीडीची फाइल. सगळा वाडा टीव्हीसमोर जमला. काका आले, बोलले, मुंडावळ्या सावरून हसले, माणसं रडली. मग काकी डोळे पुसून म्हणाल्या, "पण मी इतकी जाड कधी होते?" चौकोनी पडद्याचा जुना व्हिडिओ कुठल्या तरी नकलेत रुंद पडद्यावर ताणला गेला होता. नवरानवरी, भटजी, होमकुंड, सगळे एक तृतीयांशाने जास्त रुंद. भाई म्हणाले, मूळ प्रमाण काढून देतो. काकी म्हणाल्या, राहू दे, हे तब्येतीने बरे दिसतात.

भाईंच्या घरी त्यामुळे माणसांची ये-जा वाढली. कुणी भजनाची कॅसेट आणतो, कुणी निवडणुकीच्या मिरवणुकीचा व्हिडिओ, कुणी बुडालेल्या पतसंस्थेची पावती. शेजारच्या तुये गावात इलेक्ट्रॉनिक सिटी येणार अशी घोषणा झाली तेव्हा भाईंनी हार्ड डिस्कची खरेदी लांबणीवर टाकली होती. दारात कारखाना आला तर भाव पडतील. मोपाला विमानतळ झाला, २०२३ च्या जानेवारीत विमानं उडू लागली, नात थेट तिथे उतरू लागली, भाईंची डिस्क मात्र अजून म्हापशाहूनच येते. दरम्यान लोकांचा माल साठत गेला आणि भाईंच्या मनात टेप आली.

टेप म्हणजे एलटीओ. बँका, सिनेमावाले, मोठमोठी संशोधन केंद्रं आपला माल अजून चुंबकीय फितीवरच ठेवतात, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. हाताच्या पंजात मावणारं काडतूस, एलटीओ-८ चं घेतलं तर त्यात बारा टीबी, आणि जपून ठेवलं तर तीस वर्षं धरावं असं बनवणारे सांगतात. भाईंनी सूत्र लावलं. सात हजारांचं काडतूस, जीबीला ५८ पैसे, भागिले तीस वर्षं. दोन पैशांच्याही आत! त्या रात्री त्यांना झोप आली नाही. सकाळी ड्राइव्हची किंमत कळली आणि पुढच्या रात्रीही आली नाही. साडेतीन लाख. आपल्या १.७ टीबीसाठी तो घेतला तर जीबीला दोनशे दहा रुपये. त्या भावाने एक सुप्रभात साठ पैशांना पडते.

पण ड्राइव्ह एकट्याचा का असावा? गोव्यात गावकऱ्यांनी जमिनी सामाईक कसल्या, बांध सामाईक बांधले, देवळं चालवली. भाईंनी रविवारी पारावर बैठक बोलावली. विषय: टेप ड्राइव्ह, सामाईक. पस्तीस घरं, दहा-दहा हजार.

माणसं बरीच आली. भाईंनी काडतूस हातात धरून समजावलं. त्यात फाइल कुठेही असली तरी फीत गुंडाळत तिथपर्यंत जावं लागतं, हे ऐकून मागून एक म्हातारे भजनीबुवा म्हणाले, "म्हणजे ही कॅसेटच मरे!" एवढी वर्षं फिरून आपण पुन्हा कॅसेटवर आलो, याचा त्यांना झालेला आनंद लपत नव्हता. आखातातून परतलेल्या एकाने खरा खोडा घातला: टेप तीस वर्षं राहील, पण एलटीओ-८ चं काडतूस वाचणारा ड्राइव्ह फार तर पुढच्या पिढीपर्यंत मिळतो, नववी पिढी आठवीचं वाचते, मग त्यापुढे? भाई खूश झाले. गावात आपल्याशिवाय आणखी कुणाला तरी काळजी आहे! ते म्हणाले, म्हणूनच दर दहा वर्षांनी नवा ड्राइव्ह घ्यायचा आणि सगळं उतरवायचं, त्यासाठी आतापासून निधी. निधी म्हटल्यावर चार माणसं उठून गाई बांधायला गेली.

उरलेल्यांत मान कुणाचा यावर तासभर गेला. पहिली फीत कुणाच्या घरची? वर्षाची पाळी कुठल्या वाड्यापासून? एकाने कौल लावायची सूचना केली. दुसऱ्याने विचारलं की कंपनी कोणती घ्यायची हेही देवीलाच विचारावं काय. गुरव म्हणाले, प्रश्न होय-नाही असाच विचारता येतो, कंपन्या तीन आहेत. हा मुद्दा सर्वांना पटला आणि बाजूला पडला.

शेवटी असं ठरलं की ड्राइव्ह आधी येऊ दे, तोवर त्याच्या कपाटाचं बघू. कपाट लोखंडी, देवळाच्या मागच्या खोलीत. चावी एकाच्या हाती द्यायला कुणीच तयार नव्हतं. भाई उभे राहिले आणि म्हणाले, चाव्या तीन कराव्यात, दोन वेगवेगळ्या कारागिरांकडून, आणि एक गावाबाहेर ठेवावी. यावर प्रथमच सगळ्यांनी एकमताने माना हलवल्या. गावाबाहेरची चावी कुणाकडे, एवढंच राहिलं. भाईंनी मांद्र्याचं नाव काढलं आणि तीन वाड्यांतून एकदम आवाज आला, "मांद्रेकारांकडे नको!" का नको, हे सांगायला ज्यांनी सुरुवात केली त्यांना एका जुन्या बैलापर्यंत मागे जावं लागलं. बैठक पुढच्या रविवारपर्यंत तहकूब झाली. भाई इतिवृत्त लिहीत बसले होते. मी कार्बन पेपर धरला होता.